पडवीतली चार पिल्लं: प्रकल्प नोंदी

दापोली तालुका, जि. रत्नागिरी

आमच्या वाडीत मांजरी व्याली की महिन्याच्या आतच निरोप यायला लागतात: "एक पिल्लू आमच्यासाठी ठेवा हो." घरोघरी भात साठवलेलं असतं, त्यामागे उंदीर असतात, मांजर सगळ्यांनाच हवं असतं. पिल्लाचे डोळे उघडले, ते चार पावलं टाकू लागलं, की न्यायला हरकत नाही असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. पण मागणाऱ्याला कारण सांगता आलं पाहिजे. म्हणून या वेळी नोंदी ठेवते आहे: पिल्लू कधी काय करू लागतं, त्यातलं किती आईमुळे, किती भावंडांमुळे आणि किती आपोआप. नववीतली पुतणी सोबत आहे, तिच्या शाळेच्या विज्ञान प्रकल्पालाही याच नोंदी जातील.

९ फेब्रुवारी २०२५

पहाटे मनी व्याली. पडवीच्या टोकाला लाकडं ठेवायची खोपी आहे, तिथल्या जुन्या हाऱ्यात गोणपाटावर. चार पिल्लं. ती खायला उठली तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजनं घेतली: काळा बोका १०४ ग्रॅम, तांबडा बोका १०१, तिरंगी भाटी (मादी) ९६, करडी पट्टेरी भाटी ८८. पुतणीने नावंही ठेवून टाकली: आमसूल, केशऱ्या, गोधडी, रेघी.

मनी स्वतः तिरंगी आहे. तांबडा रंग देणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याला एक्स एकच, आणि तो आईकडूनच येतो. म्हणजे केशऱ्याचा तांबडा रंग मनीचाच. काळा आणि तांबडा हे दोन्ही रंग एकत्र दिसायला दोन एक्स लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच निघते. पिल्लांचा बाप बहुधा मागच्या घरी येणारा करडा बोका असावा. चौघांचे रंग त्याच्याशी जुळतात.

डोळे बंद, कानाची भोकंही बंद. थंडी वाजली तर कुडकुडता येत नाही, स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. फक्त वास, स्पर्श आणि ऊब कळते. तेवढ्यावर पोटाने सरपटत, डोकं इकडून तिकडे हलवत आईपर्यंत पोचतात. पहिल्या दिवसाच्या चिकातून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात, त्यामुळे आज त्यांना हात कमीत कमी लावायचा. हाऱ्याला एका बाजूने पोतं बांधलं, वारा अडायला.

१२ फेब्रुवारी

वजनं रोज दहा ते पंधरा ग्रॅमने वाढताहेत. रेघी सगळ्यात लहान, पण वाढीचा वेग तिचाही तोच.

आज बराच वेळ नुसतं दूध पिणं पाहिलं. प्रत्येकाचं आचळ ठरून गेलं आहे. रेघी मागच्या बाजूचं दुसरं धरते, तिथे केशऱ्या आडवा आला तर त्याच्या अंगावरून चढून आपल्या जागी जाते. डोळे बंद असताना जागा सापडते ती वासाने. जे. रोझेनब्लाट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या दूध पिण्याचा आणि आपल्या जागेकडे परतण्याचा बारकाईने अभ्यास केला होता. पहिल्या काही दिवसांतच पिल्लू आपलं आचळ ओळखू लागतं हे त्यांनी दाखवलं. याचा फायदा उघड आहे: रोज भांडण नाही, नखांनी आईला ओरखडे नाहीत, दूध वाया नाही. पंजे आळीपाळीने दाबत पान्हा सोडवून घ्यायचं कामही चालू झालं आहे. हाताला जाणवेल न जाणवेल इतकी बारीक घुरघुर येते. तोंडात आचळ असतानाही घुरघुरता येतं, म्हणजे "मी ठीक आहे, पितो आहे" हे आईला कळत राहतं.

शी-शू अजून आपली आपण होत नाही. मनी शेपटीखाली चाटते तेव्हाच होते, आणि ती सगळं स्वच्छ करून टाकते. आई नसलेली पिल्लं कुणी उचलून आणली तर लोक दूध पाजतात, पण ओल्या कापसाने पुसून हे काम करायचं त्यांना ठाऊक नसतं, आणि पिल्लं त्यानेच जातात. हे ठळक अक्षरांत लिहून ठेवते आहे. गाईचं दूधही देऊ नये. त्यातली साखर पिल्लांना पचत नाही, आणि मांजरीच्या दुधाच्या मानाने त्यात प्रथिनं कमी असतात.

१७ फेब्रुवारी

रेघीचा डावा डोळा नाकाच्या बाजूने किंचित उघडला. सगळ्यात हलकं पिल्लू, पण डोळे तिचे आधी. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात हे होतं.

दुपारी एक वेगळी गोष्ट. पुतणी शेजारच्या कुत्र्याला कुरवाळून आली आणि तशीच हाऱ्यात हात घातला. आमसूलचे डोळे अजून मिटलेले, पण तो फिस्कारला. तोंड उघडून, अख्खं अंग मागे घेऊन. कुत्रा त्याने पाहिलेला नाही, ऐकलेला नाही. साबणाने धुतलेला हात दिला तर गप्प. फिस्कारणं हे आपोआप येणाऱ्यांच्या यादीत पहिलं.

२३ फेब्रुवारी

चौघांचे डोळे पूर्ण उघडले. सगळ्यांचे निळे. हा निळा टिकत नाही, दोन-तीन महिन्यांत खरा रंग येतो. केशऱ्याच्या उजव्या डोळ्याला चिकट घाण आली होती. उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसली, आणि लगेच पशुवैद्यांकडे नेऊन थेंब आणले.

"पिल्लांचे डोळे चिकटतातच, आपोआप सुटतात," असं इथे म्हणतात. मी घाई केली ती एका जुन्या संशोधनामुळे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी हार्वर्डमध्ये १९६३च्या सुमारास मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे बंद ठेवली. नंतर ती उघडली तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्या डोळ्याकडून आलेल्या माहितीला जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. बंद राहिलेल्या डोळ्याची जागा उघड्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजराची पापणी तितकाच काळ बंद ठेवली तर असं काही होत नाही. म्हणजे डोळा आणि मेंदू जोडले जाण्याची एक मुदत असते. पिल्लात ती चौथ्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात नाजूक असते आणि तीन महिन्यांच्या सुमाराला सरत जाते. या कामाला १९८१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. लहान मुलांचा मोतीबिंदू किंवा आळशी डोळा यांवर लवकर उपचार करायला हवेत ही समज पक्की झाली, त्यामागेही हेच संशोधन आहे. त्या पिल्लांवर जे केलं गेलं ते वाचताना मला त्रास होतो. पण त्यातून जे कळलं ते आपल्या दारातल्या पिल्लासाठी वापरलं नाही तर ते आणखी वाईट.

२७ फेब्रुवारी

खोपीतला हारा रिकामा. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सात घरं फिरवल्याशिवाय मांजरी पिल्लं वाढवत नाही." संध्याकाळी पिल्लं माळ्यावर सापडली, जुन्या गोधड्यांच्या गठ्ठ्यामागे. शेवटचं पिल्लू नेताना मनी दिसली. तिने मानगूट धरली की गोधडीचे मागचे पाय वर आले, शेपटी पोटाशी आली आणि सगळं अंग सैल पडलं. जराही धडपड नाही. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, मांजरीचं स्वतःला सोडून देतं. कीर्तनात मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगतात तो याच निरीक्षणावर उभा आहे.

जागा बदलण्याचं कारण समजण्यासारखं आहे. खोपीत दोन आठवड्यांहून जास्त काळाचा वास साठलेला. परका बोका पिल्लांना मारू शकतो, शिवाय लाकडांत साप-मुंगूस. पिल्लं चालू लागायच्या आत नवी जागा बरी. आम्ही हारा परत खाली आणला नाही. तिने निवडलेल्या जागी तिला राहू दिलं, फक्त माळ्याच्या कडेला फळी आडवी ठोकली.

४ मार्च

चालायला लागली. पोट जमिनीला लागतं, मागचे पाय फाकतात, पण दिशा ठरवून चालतात. कान ताठ, पुढचे बारीक दात हिरडीतून वर. दुधाचे एकूण २६ दात येतील, नंतर कायमचे ३०. नखं अजून पूर्ण आत घेता येत नाहीत, त्यामुळे गोणपाटात अडकतात आणि पिल्लू तिथेच बसून राहतं.

चालणं आणि पाहणं हे एकमेकांवर किती अवलंबून असतं हे रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांच्या १९६३च्या प्रयोगातून कळतं. त्यांनी पिल्लांच्या जोड्या केल्या. एका गोल फिरणाऱ्या दांड्याच्या एका टोकाला पिल्लू स्वतः चालायचं, दुसऱ्या टोकाला पाळण्यात बसवलेलं पिल्लू त्याच्यामुळे फिरायचं. दोघांना दिसायचं ते जवळजवळ सारखंच. एरवी दोन्ही अंधारात. नंतर स्वतः चालणाऱ्या पिल्लाला समोरची जागा किती खोल आहे ते कळायचं, ते उंच कडेपाशी थांबायचं, जमीन जवळ आली की पुढचे पंजे पसरायचं. पाळण्यातल्याला हे येत नव्हतं. मोकळं सोडल्यावर काही दिवसांत तेही शिकलं. म्हणून माळ्यावर पिल्लं पडतील या भीतीने त्यांना खोक्यात कोंडायचं नाही असं आम्ही ठरवलं. खाली गवताचा पेंढा पसरला.

माळ्याच्या कोपऱ्यात घमेल्यात मऊ वाळू ठेवली होती. आज गोधडी त्यात उतरली, पंजाने उकरलं, बसली, आणि मग वासाच्या दिशेने वाळू ओढली. मनी शी-शू बाहेर बागेत करते, पिल्लांनी तिला कधी पाहिलेलं नाही. हेही आपोआपच्या यादीत.

१३ मार्च

होळी. शिमग्याचा ढोल संध्याकाळपासून वाजतो आहे. पहिल्या ठोक्याला चौघंही गोधड्यांमागे. मनी मात्र माळ्याच्या फळीवर आडवी पडून अंग चाटत बसली, तिला हे दरवर्षीचं. थोड्या वेळाने आमसूल बाहेर आला, आईपाशी बसला, कान ढोलाकडे वळवत राहिला. मग केशऱ्या. रेघी शेवटी. आई घाबरत नाही हे पाहून पिल्लू घाबरणं सोडतं, हे आज डोळ्यांसमोर घडलं.

हा काळच त्याचा आहे. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की पिल्लाला माणसाची ओळख व्हायचा मुख्य काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलेली पिल्लं पुढे माणसाजवळ येतात आणि रमतात. सातव्या आठवड्यानंतर सुरुवात केली तर तितका फरक पडत नाही. त्यामुळे आमच्याकडे पिल्लांना रोज वेगवेगळे हात लागतात: माझे, पुतणीचे, सासूबाईंचे, दूध घालायला येणाऱ्या काकांचेही. एकाच माणसाला सरावलेलं पिल्लू दुसऱ्याला बुजतं. पालखी घरी येईल तेव्हाही पिल्लांना कोंडायचं नाही, फक्त लपायची जागा मोकळी ठेवायची.

आमसूल इतका धीट का, हा पुतणीचा प्रश्न. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५च्या अभ्यासात धीट बापाची पिल्लं नव्या वस्तूजवळ लवकर गेली, आणि त्या पिल्लांनी बापाला पाहिलेलंही नव्हतं. मागच्या घरचा करडा बोका माणसं बसलेली असताना ओटीवर येतो. तसं असेल.

१८ मार्च

आता दिवसभर कुस्ती. एक उताणा पडून चारही पायांनी लाथा मारतो, दुसरा वरून दाबतो. मग पाठीची कमान करून, शेपटी पिंजारून आडवं आडवं उड्या मारत चाल करून यायचं. पुतणीने या डावांची यादी केली आहे. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला हा खेळ सुरू होतो आणि तिसऱ्या महिन्यात जोरात असतो.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. केशऱ्याने रेघीचा कान जोरात चावला. ती किंचाळली आणि उठून निघून गेली. केशऱ्या एकटा. तो तिच्यामागे गेला, ती पुन्हा फिस्कारली. तिसऱ्या वेळी त्याने नुसतं तोंड लावलं, दात टेकवले नाहीत, आणि खेळ सुरू झाला. चावा किती जोराचा चालतो हे पिल्लू असं शिकतं. चौथ्या आठवड्यात घरी नेलेल्या एकट्या पिल्लाला हे सांगणारं कोणी नसतं. पुढे ते माणसाच्या हाताला कडकडून चावतं, आणि "मांजर कृतघ्न असतं" हे त्याच्या माथी येतं.

मनी आता दूध कमी पाजते, पिल्लं आली की उठून फळीवर जाऊन बसते. उकडलेली मांदेली काटे काढून, कुस्करून देतो आहोत. वजनं साडेपाचशेच्या आसपास, रेघी ४९०.

२२ मार्च

गोधडी फळीवरून घसरली आणि खाली पेंढ्यावर चार पायांवर उतरली. उंची कमरेइतकी. काही आठवड्यांपूर्वी हेच पिल्लू लाकडाच्या ढिगावरून पाठीवर पडलं होतं.

पडताना मांजर पायांवर कसं येतं हे एटिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ साली भराभर घेतलेल्या छायाचित्रांतून दाखवलं. कशाचाही आधार न घेता हवेत वळायचं कसं, असा प्रश्न होता. उत्तर असं: मांजर कमरेतून वाकतं आणि अंगाचे दोन भाग वेगवेगळे फिरवतं. आधी पुढचे पाय जवळ घेऊन पुढचा भाग झटकन वळवतं, तेव्हा मागचे पाय लांब असतात म्हणून मागचा भाग फारसा उलटा जात नाही. मग पुढचे पाय लांब, मागचे जवळ, आणि मागचा भाग वळतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव डोक्याची दिशा सांगतो, त्यामुळे डोकं सगळ्यात आधी सरळ होतं. ही हालचाल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागते आणि सहाव्या-सातव्यापर्यंत पक्की होते. पिल्लू मुद्दाम सोडून पाहायचं नाही, हा प्रकल्पाचा नियम आहे. जे आपोआप घडेल तेच लिहायचं.

२५ मार्च

मनीने उंदीर आणला. गेल्या आठवड्यात मेलेली पाल आणली होती, पिल्लांनी हुंगून सोडली. आजचा उंदीर अर्धमेला. तोंडात तो धरूनच तिने एक खोल, ओढलेला आवाज काढला, एरवी ती असा काढत नाही. चौघंही धावली. तिने उंदीर खाली ठेवला, तो सरकला की पंजाने अडवला, पण मारला नाही. आमसूलने दबा धरला, मागचा भाग हलवला, झडप घातली आणि शेपटी धरली. मनी बसून पाहत होती. शेवटी मान चावून मारलं तिनेच.

दबा, झडप, पंजात धरणं हे तुकडे पिल्लांकडे आधीच होते. दोरीच्या टोकावर, वाळक्या पानावर ते रोज दिसतात. पण हे सगळं उंदरावर, योग्य क्रमाने वापरायचं हे वेगळं. झिंग-यांग क्वो या चिनी शास्त्रज्ञाने १९३०मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे पुतणीला वहीत लिहून घ्यायला लावले. उंदीर मारणाऱ्या आईसोबत वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्लांनी उंदीर मारले. एकटी वाढवलेली २० होती, त्यांतल्या ९ पिल्लांनी. आणि उंदरासोबतच वाढवलेल्या १८ पैकी फक्त ३ पिल्लांनी. एकटी वाढलेली काही पिल्लं मारतात, म्हणजे आत काहीतरी आहे. पण आईने तो आकडा जवळजवळ दुप्पट केला. १९६९मध्ये फिलिस चेस्लर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: खाणं मिळवायला खटका दाबायचा असतो हे आईला पाहून पिल्लं पटकन शिकली, परक्या मांजरीला पाहून उशिरा, आणि कुणालाच न पाहता शिकलीच नाहीत.

उंदरांसाठी मांजर हवं असणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे. उंदीर मारणारं मांजर हवं असेल तर आईला तिचं काम पुरं करू द्या.

३० मार्च

पाडवा. गुढीच्या रेशमी कापडावर रेघी झेप घेत होती, शेवटी गुढी उंच बांधावी लागली. दुपारी खालच्या वाडीतल्या वहिनी पिल्लू न्यायला आल्या, पिशवीसकट. "वहिनी, अजून तीन आठवडे थांबा," म्हटलं. "सात आठवड्यांचं झालं की गं, भात खातंय," त्या म्हणाल्या. खातंय हे खरं. मी त्यांना माळ्याखाली बसवलं, आमसूल-केशऱ्याची कुस्ती दाखवली, उंदराची गोष्ट सांगितली. हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७च्या पाहणीचंही सांगितलं. मालकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून सुमारे ५,७०० मांजरांची माहिती गोळा केली होती. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं जास्त आक्रमक निघाली, आणि चौदा आठवड्यांनंतर तोडलेली सगळ्यात शांत. चौदा आठवडे आमच्या माळ्यावर जमणार नाहीत. दहा जमतील.

वहिनी चहा पिऊन रिकाम्या पिशवीनिशी गेल्या, पण रेघी त्यांचीच हे ठरवून.

९ एप्रिल

चौघांना जंताचं औषध आणि पहिली लस. आमसूल ९१० ग्रॅम, केशऱ्या ८८०, गोधडी ८२०, रेघी ७६०. आमसूलच्या डोळ्यांत पिवळसर छटा, बाकीच्यांच्या निळ्यात हिरवट. दुसरी लस मे महिन्याच्या सुरुवातीला, रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. डॉक्टरांच्या टेबलावर रेघी शांत बसून राहिली, परक्या हातात घुरघुरलीसुद्धा.

आता भावंडांपेक्षा वस्तूंशी खेळ वाढला आहे: सुपारी, नारळाची शेंडी, काजूचं वाळकं बोंड.

२० एप्रिल

आमसूल आणि केशऱ्या एकाच घरी गेले, दाभोळकडे. दोन बोके एकत्र नेणाऱ्यालाच द्यायचे असं ठरवलं होतं. रेघीला वहिनींनी नेलं. प्रत्येकासोबत माळ्यावरच्या गोणपाटाचा तुकडा दिला, ओळखीच्या वासासाठी, आणि एक कागद: काय खातं, दुसरी लस कधी, पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायचं, वाळूचं घमेलं कुठे ठेवायचं. गोधडी आमच्याकडे.

मनीचं दूध आटत आलं आहे. ती पुन्हा माजावर यायच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यायची, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याची वेळ घेतली. भाटी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते, म्हणून गोधडीची जूनमध्ये. रेघीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आपण उचलू असं वहिनींना कळवलं, त्यांचा होकार आला.

२७ एप्रिल

वहिनींचा फोन: रेघीने भाताच्या खोलीत उंदीर धरला, लहानसा. मान चावून मारला. पुतणीने तारीख आणि वजन लिहून घेतलं, ९८० ग्रॅम. दाभोळहून अजून काही कळलं नाही, बुधवारी जाऊन येणार.